मुलांना क्रोशा शिकवताना : आधी डावा हात, मग सुई

क्रोशा शिकवायला बसलं की बहुतेक मोठी माणसं सुईपासून सुरुवात करतात. सुई कशी धरायची, कुठे घालायची, धागा कसा ओढायचा. मुलाला ते दोन मिनिटांत कळतं, आणि तरीही त्याच्या हातून साखळी, म्हणजे एकातून एक ओढलेल्या फासांची रांग, होत नाही. कारण अडतं ते सुईच्या हातात नाही, धाग्याच्या हातात. उजव्या हाताला सुई आत घालून बाहेर काढायची असते, बस्स. धागा बेताने ताणून धरणं, लागेल तेवढाच सोडणं आणि त्याच वेळी विणलेला भाग चिमटीत पकडून ठेवणं, ही तिन्ही कामं डाव्या हाताकडे असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या डाव्या हाताला एरवी इतकं बारीक काम पडतच नाही. त्यामुळे पहिले काही दिवस आपण क्रोशा शिकवत नसून डावा हात तयार करत आहोत, असं समजूनच बसावं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे: आधी सुईशिवाय बोटांची साखळी, मग सुईने साखळी, मग मुका खांब हा बुटका टाका आणि सगळ्यात शेवटी खांब हा उंच टाका.

डावखुऱ्या मुलांसाठी उजवा-डावा उलट वाचा. त्यांच्यासाठी आणखी सूचना पुढे ‘बसायचं कसं’ या भागात आहेत.

कोणत्या वयात?

पाच-सहा वर्षांच्या मुलांना सुई देऊ नका. बोटांची साखळी त्यांना छान जमते आणि पुरतेही. सातव्या-आठव्या वर्षी जाड सुई चालते. वयापेक्षा दोन गोष्टी बघा: मुलाला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येते का, आणि वीसपर्यंत मोजताना मध्ये कोणी बोललं तरी आकडा लक्षात राहतो का. दोन्ही जमत असेल तर सुई द्या. दहा-अकरा वर्षांची मुलं तेच काम निम्म्या वेळात शिकतात, म्हणून लहान वयात शिकवायची घाई करण्यात काही मिळवायचं नाही.

दोन सुयांचं विणकाम आधी की क्रोशा आधी, हा प्रश्न आजी-मावश्यांमध्ये नेहमी निघतो. मुलांसाठी क्रोशा आधी, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन सुयांवर एका वेळी पंधरा-वीस टाके उघडे असतात. एक निसटला की शिडीसारखा खालपर्यंत उसवत जातो आणि तो उचलायला मोठ्यांनाच बसावं लागतं. क्रोशात उघडा टाका एकच. सुई निसटली तर तो एक फास पुन्हा सुईवर घेतला की काम जिथल्या तिथे सुरू होतं. चूक मुलाला स्वतःच्या हाताने सुधारता येते, ही फार मोठी सोय आहे.

साहित्य

सुई 5 किंवा 5.5 मिलिमीटरची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची, अंगठा टेकवायला चपटी जागा असलेली. रबराची मूठ असेल तर उत्तम, पण आवश्यक नाही. प्लास्टिकच्या स्वस्त सुया वाकतात, आणि साच्याच्या जोडावर बारीक कंगोरा राहिला असेल तर धागा तिथे अडकतो. बांबूची सुई धागा जरा धरून ठेवते; ज्या मुलाच्या हातून फास सारखे निसटतात त्याला ती बरी पडते. घरात आजीच्या डब्यात रुमाल-तोरणांच्या बारीक पोलादी सुया असतात. त्या साधारण एक-दोन मिलिमीटरच्या आणि टोकदार असतात, त्या मुलांच्या पहिल्या कामासाठी अजिबात नकोत. त्यांच्यावरचे क्रमांकही फसवतात: पोलादी सुयांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. म्हणून खरेदी करताना नेहमी मिलिमीटर विचारा.

लोकर म्हणजे बाजारात मिळणारी जाडसर अ‍ॅक्रिलिक लोकर चालेल. ‘प्लाय’च्या आकड्यावर विसंबू नका, तो धाग्यात किती पदर आहेत ते सांगतो, धागा किती जाड आहे ते नाही. वेष्टनावर वजन आणि लांबी दिलेली असेल तर 100 ग्रॅममध्ये 150 ते 200 मीटर भरणारी लोकर घ्या. याहून जास्त मीटर म्हणजे धागा बारीक. धागा गुळगुळीत, घट्ट पिळाचा आणि एकरंगी हवा. मुलं दुकानात हमखास केसाळ, चमकीची किंवा रंग बदलत जाणारी लोकर उचलतात. केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत आणि उसवताना गुंता होतो. रंग बदलणाऱ्या लोकरीत एक टाका कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे नवख्या डोळ्याला कळत नाही. काळा, नेव्ही ब्लू, गडद मरून हे रंगही पहिल्या महिन्यात टाळा. पिवळा, आकाशी, फिकट हिरवा, गुलाबी यांतून मुलाला निवडू द्या. पांढरा दिसायला चांगला, पण दोन दिवसांत मळतो.

सुरुवातीला एका मुलाला 50 ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो. लोकर लडीत आली असेल तर आधी तिचा सैलसर गुंडा करून द्या. घट्ट गुंडाळलेल्या गुंड्यातून धागा ओढताना डाव्या हाताला प्रत्येक वेळी झटका बसतो, आणि मग मूल धागा आणखी आवळून धरतं. गुंडा पायाशी खोल डब्यात किंवा पातेल्यात ठेवा, म्हणजे तो घरभर पळत नाही.

याशिवाय बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची लोकरीची सुई, लहान कात्री, चार-पाच सेफ्टी पिना आणि दुसऱ्या रंगाच्या लोकरीचे बोटभर तुकडे. हे तुकडे खुणेसाठी लागतात, आणि पुढे त्यांचंच काम सगळ्यात जास्त पडतं. घरात तान्हं बाळ किंवा रांगणारं मूल असेल तर लांब साखळ्या, कात्री आणि बटणं काम संपताच उचलून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पहिली पायरी : बोटांची साखळी

सुरुवातीची सरकगाठ तुम्ही बांधून द्या. ती एका वस्तूला एकदाच लागते आणि शिकायला साखळीपेक्षा अवघड आहे. पहिल्याच दिवशी तिथे मूल अडलं तर पुढचं सगळंच लांबतं. साखळी हाताला बसली की गाठ अशी शिकवा:

1. धाग्याचं टोक 15 सेंटिमीटर मोकळं सोडून टेबलावर धाग्याचा गोल करा. गुंड्याकडचा धागा टोकाकडच्या धाग्यावरून गेला पाहिजे.
2. तो गुंड्याकडचा धागा गोलाच्या खालून सरकवून मधोमध आणा.
3. गोलात बोटं घालून तो मधला धागा फासासारखा वर ओढा आणि दोन्ही टोकं धरून गाठ आवळा.

फास ओढून लहान-मोठा झाला तर गाठ बरोबर. तो सरकला नाही, तर फास ओढण्याऐवजी धाग्याचं टोकच आरपार निघून साधी गाठ बसली आहे.

आता साखळी. फासात उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी घालायची, पलीकडचा धागा चिमटीत धरायचा आणि फासातून अलीकडे ओढून घ्यायचा. नवा फास तयार होतो. त्यातून पुन्हा तेच. यात सुई नसल्याने मुलाचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे राहतं. धागा डाव्या तर्जनीवरून घ्यायचा आणि उरलेली तीन बोटं तळहातावर मिटून त्यांत तो अलगद धरायचा. मोठी माणसं करंगळीला वेढा देऊन धागा खेळवतात, ती रीत मुलांना आत्ता नको. करंगळीला वेढा आला की ती धागा सोडतच नाहीत. महिन्याभराने हात सैल झाला की ती आपोआप येते.

मीटरभर साखळी झाली की तिच्याकडे नीट बघायला शिकवा. एका बाजूला वेणीसारखी इंग्रजी व्ही अक्षरांची रांग दिसते, मागच्या बाजूला बारीक गाठींसारखे उंचवटे. एक व्ही म्हणजे एक साखळी. सुईवरचा (इथे बोटावरचा) फास मोजायचा नाही, सरकगाठही मोजायची नाही. हे आत्ता पक्कं झालं नाही, तर पुढे प्रत्येक ओळीत एका आकड्याचा घोळ होत राहतो.

दुसरी पायरी : सुईने साखळी

सुई पेन्सिलसारखी धरायची की सुरीसारखी मुठीत, यावर मुलाशी वाद घालू नका. दोन्ही पकडी जगभर चालतात. फक्त अंगठा चपट्या जागेवर असावा, म्हणजे सुईचं तोंड कुठे आहे ते न बघता कळतं.

धागा घ्यायचा तो सुईच्या मागून वर येऊन पुढे पडेल असा. मग सुईचं तोंड खाली वळवायचं आणि फासातून बाहेर काढायचं. हे वळवणं कोणी सांगत नाही आणि तिथेच मुलं अडकतात. तोंड वरच राहिलं तर सुईची खाच जुन्या फासाला अडकते, मूल जोर लावतं आणि धागा फाटतो. ‘धागा घे, मान खाली घाल, बाहेर ये’ असं म्हणत दहा साखळ्या बरोबर करा.

दुसरी अडचण घट्टपणाची, आणि तिचं कारण सुईतच आहे. सुईचे तीन भाग मुलाला दाखवा: टोक, त्यामागची अरुंद खाच आणि जाड दांडी. फासाचं माप ठरवायचं असतं ते दांडीने. मुलं धागा ओढून फास खाचेभोवतीच आवळतात. खाच दांडीपेक्षा बारीक, म्हणून फास लहान होतो आणि पुढच्या वेळी जाड टोक त्यातून निघत नाही. ‘सैल विण’ असं शंभरदा सांगून उपयोग नाही. ‘फास काढलास की तो दांडीवर सरकव, मग पुढचा धागा घे’ हे सांगा. सैलपणा आपोआप येतो.

तिसरी गोष्ट चिमटीची. डाव्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने साखळी सुईच्या खाली जवळच, दोन सेंटिमीटरच्या आत धरलेली हवी. साखळी वाढते तशी चिमटी वर सरकवायची असते आणि मुलं ती विसरतात. मग सुईखाली साखळी लोंबकळते आणि ओढताना सगळं फिरतं. दर चार साखळ्यांनंतर ‘चिमटी वर’ असं म्हणायला लावा. मोठ्याने म्हटलेलं हाताला लवकर बसतं.

या पायरीवर घाईने पुढे जाऊ नका. साखळीतूनच करण्यासारखं बरंच आहे: पुस्तकातली खूण, भेटकार्डाची दोरी, केसांची रिबन, मनगटातलं कडं. मुलाच्या मनगटाला साधारण 25 साखळ्या लागतात, पण हात सैल-घट्ट असतो म्हणून आकड्यापेक्षा मनगटाभोवती फिरवून बघा. साखळी कुठे बारीक कुठे जाड होत असेल तर अजून डाव्या हातावर काम बाकी आहे. सलग वीस साखळ्या बऱ्यापैकी सारख्या आल्या की तिसऱ्या पायरीवर या. कोणाला दोन दिवस लागतात, कोणाला दोन आठवडे.

तिसरी पायरी : मुका खांब

साखळीवर पहिली ओळ घालणं हे क्रोशातलं नवख्यासाठी सगळ्यात त्रासाचं काम. साखळी अरुंद असते, पिळते, सुई कुठे घालायची ते दिसत नाही. बहुतेक मुलं इथे कंटाळून सोडतात. म्हणून ही ओळ तुम्ही घालून द्या. 11 साखळ्या करा, सुईजवळची एक सोडून पुढच्या प्रत्येकीत एक असे 10 मुके खांब घाला, उलटून आणखी एक ओळ घाला, आणि मग वेगळ्या रंगाचा धागा जोडून मुलाच्या हाती द्या. मुलाचं काम त्याच्या रंगात दिसतं आणि सुई घालायला रुंद, स्थिर कड मिळते. पहिली ओळ त्याला शिकवायची ती दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याच्या वेळी. तेव्हाही साखळी 6 मिलिमीटरच्या सुईने आणि पुढचं काम 5 च्या सुईने करायला द्या. साखळी सैल असली की सुई सहज जाते आणि खालची कड आवळून तुकडा पंख्यासारखा होत नाही.

मुका खांब असा:

1. खालच्या ओळीच्या टाक्यावर आडवी व्ही दिसते. तिच्या दोन्ही पदरांखालून सुई घाला.
2. धागा घेऊन बाहेर काढा. सुईवर दोन फास झाले.
3. पुन्हा धागा घ्या आणि दोन्ही फासांतून एकदम काढा. एक फास उरला, मुका खांब झाला.

मुलाला ‘घाल, घे, काढ, घे, दोन्हीतून काढ’ एवढ्याच शब्दांत सांगा. ‘काढ’ नंतर थांबून सुईवर दोन फास आहेत का ते बघायला लावा. तीन असतील तर कुठेतरी जास्तीचा धागा अडकला आहे. एकच असेल तर नवा फास जुन्यातूनही ओढला गेला आहे.

ओळ संपली की एक साखळी करून काम उलटायचं. ही साखळी फक्त उंचीसाठी. मुक्या खांबात ती टाका म्हणून मोजत नाहीत. पुढच्या ओळीचा पहिला मुका खांब अगदी कडेच्या टाक्यात येतो. मुलांचे चौकोन त्रिकोणी होतात ते इथेच. कडेचा पहिला टाका सुटला की ओळीमागे एक खांब कमी; उलटायच्या साखळीत जास्तीचा घातला तर एक वाढतो. उपाय सोपा आहे. ओळीचा पहिला मुका खांब घातला की लगेच त्यात रंगीत तुकडा अडकवायचा. उलटून परत येताना शेवटचा खांब त्या तुकड्याच्याच टाक्यात पडला पाहिजे. मग तुकडा काढून नव्या ओळीच्या पहिल्या टाक्यात. दहा-बारा ओळी असं केलं की मुलाचे डोळेच कडेचा टाका ओळखायला लागतात.

मोजणी दर ओळीच्या शेवटी, उलटायच्या आधी. 10 भरले तर पुढे. नऊ किंवा अकरा आले तर ती एकच ओळ उसवायची. चार ओळींनी लक्षात आलं तर चार ओळी उसवाव्या लागतात, आणि आठ वर्षांच्या मुलाला ते फार लागतं. दोनपेक्षा जास्त ओळी गेल्या असतील तर पहिल्या तुकड्यात चूक राहू द्या. खूण म्हणून पिन लावून ठेवा आणि पुढच्या तुकड्यात नीट करा.

10 मुक्या खांबांच्या 12 ओळी झाल्या की साधारण साडेसात सेंटिमीटरचा चौकोन होतो. तिरकी घडी घालून बघा: कोपरा कोपऱ्यावर बसला तर चौकोन बरोबर. नाहीतर एखादी ओळ कमी-जास्त करा. धागा 15 सेंटिमीटर सोडून कापा, शेवटच्या फासातून पूर्ण ओढून घ्या. लोंबणारं टोक लोकरीच्या सुईने टाक्यांच्या आतून चार-पाच सेंटिमीटर एका दिशेने नेऊन थोडं परत आणा. गाठ मारून कापलेलं टोक पहिल्याच धुण्यात बाहेर येतं.

चौथी पायरी : खांब

खांबात वेग येतो आणि मुलांना तो आवडतो, पण आधी मुक्या खांबाचा सरळ कडांचा एक चौकोन पूर्ण झालेला असू द्या. सुईवर आधीच एक वेढा घ्या, टाक्यात सुई घाला, धागा काढा. सुईवर तीन फास झाले. धागा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा धागा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. अर्धा खांब यातूनच निघतो: तीन फास झाले की तिन्हींतून एकदम काढायचं.

कडेचा नियम मात्र बदलतो. खांबाच्या ओळीला उलटताना 3 साखळ्या घालतात आणि त्या पहिला खांब म्हणून मोजतात. म्हणून पुढचा खांब कडेच्या टाक्यात नाही, त्याच्या पुढच्यात. आणि परत येताना शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर. मुक्या खांबाची सवय झालेलं मूल दोन्हीकडे चुकतं. खुणेचा तुकडा आता तिसऱ्या साखळीत लावायला सांगा.

मोठी मुलं इंटरनेटवरचे इंग्रजी व्हिडिओ बघून करू लागतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ हा आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश नमुन्यांत ‘डबल क्रोशे’ म्हणतात. आपला खांब अमेरिकेत ‘डबल’, ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. नमुना कुठला आहे ते न बघता सुरुवात केली तर वस्तू दुप्पट उंच किंवा निम्मी होते.

पहिल्या दोन वस्तू

राखी. श्रावणाच्या आधी शिकवायला घेतलं तर राखीइतकं चांगलं काम नाही, कारण ती लहान असते, ठरलेल्या दिवशी लागते आणि कोणाच्या तरी मनगटावर बांधली जाते.

1. 4 साखळ्या करा आणि पहिल्या साखळीत सुई घालून, धागा त्या साखळीतून आणि सुईवरच्या फासातून एकदम काढून कडी जोडा. या जोडणीला स्लिप स्टिच म्हणतात.
2. एक साखळी करा. कडीच्या पोकळीत 10 मुके खांब घाला. टोकाचा धागाही कडीबरोबर आत धरला तर तो झाकला जातो. पहिल्या खांबात स्लिप स्टिचने जोडा.
3. 3 साखळ्या, एक टाका सोडून पुढच्यात स्लिप स्टिच. असं पाच वेळा. पाच कमानी झाल्या.
4. प्रत्येक कमानीत 1 मुका खांब, 3 खांब, 1 मुका खांब. पाच पाकळ्या उमलतात. धागा कापून टोकं आत घ्या.
5. वेगळ्या रंगात 60 साखळ्यांची दोरी करा, फुलाच्या मागच्या टाक्यांतून ओवून मधोमध आणा. मध्ये मोती किंवा टिकली शिवा.

पाकळ्या चारच आल्या तर पहिल्या फेरीत मुके खांब मोजले नव्हते. फूल वाटीसारखं वळलं तर पाकळ्यांचे खांब घट्ट आहेत.

सुट्ट्या पैशांचं पाकीट. 16 साखळ्यांवर 15 मुके खांब, 28 ओळी. मधोमध घडी घालून दोन्ही बाजू लोकरीच्या सुईने शिवा. एका काठावर 8 साखळ्यांचा फास, दुसऱ्यावर बटण. फास बटणाला सैल झाला तर एक साखळी कमी करा. हे काम थोडं लांबतं, पण रोज दोन ओळी केल्या तर दोन आठवड्यांत वापरता येण्यासारखी वस्तू हातात येते, आणि मूल ती खरोखर वापरतं.

बाहुल्या आणि गुबगुबीत प्राणी हे मुलांचं पहिलं मागणं असतं. त्याला सध्या थांबायला सांगा आणि कारणही सांगा: त्यात गोल विणताना ओळीची सुरुवात दिसत नाही, दर फेरीला टाके वाढवायचे-कमी करायचे असतात, आणि आतला कापूस दिसू नये म्हणून वीण मुद्दाम घट्ट ठेवावी लागते. आपण इतके दिवस जे सैल करायला शिकवलं त्याच्या उलट. दोन-तीन वस्तू सरळ कडांनी पूर्ण झाल्या की प्राणी जरूर घ्या.

बसायचं कसं, हात कधी लावायचा

उजव्या हाताने विणणाऱ्या मुलाच्या समोर बसू नका. त्याला सगळं उलटं दिसतं. शेजारी, थोडं मागे बसा, म्हणजे तुमचे आणि त्याचे हात एकाच दिशेने चालतात. डावखुऱ्या मुलाच्या मात्र समोरच बसा. तुम्ही उजव्या हाताने करता ते त्याला आरशातल्यासारखं दिसतं आणि तो डाव्या हाताने तसंच करतो. त्याची ओळ डावीकडून उजवीकडे जाईल, ती तशीच जायची. टाक्यांचे आकडे काही बदलत नाहीत. नमुन्याचे फोटो मोबाइलमध्ये आडवे उलटवून दिले की त्याला सोपं जातं. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने विणायला लावू नका.

तुमच्या हातात तुमचं वेगळं काम, तुमचीच सुई आणि लोकर असू द्या. दाखवायचं ते त्यावर. मुलाचं काम त्याच्या हातातून घेऊन ‘बघ, असं’ म्हणत चार टाके घालून देणं मोठ्यांना फार सहज जमतं. पण त्या चार टाक्यांचा ताण मुलाच्या ताणाशी जुळत नाही, तुकडा तिथे आवळतो आणि मुलाला तो भाग कायम वेगळा दिसतो. अगदीच अडलं तर त्याच्या हातावर हात ठेवून एकदा फिरवा. उसवायचं असेल तेव्हाही धागा त्यालाच ओढू द्या.

सात-आठ वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस मिनिटं पुरे, दहाच्या पुढे अर्धा तास. खांदे वर चढले, जीभ दाताखाली आली, बोटांची पेरं पांढरी पडली की हात आवळला आहे; सुई खाली ठेवून हात झटकायला सांगा. काम ओळीच्या मध्येच सोडावं लागलं तर फास सेफ्टी पिनेत अडकवा.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला किंवा सुट्टीच्या शिबिरात शिकवायचं असेल तर सुरुवातीच्या दोन-तीन तासांना एका मोठ्या माणसामागे चार-पाचच मुलं असावीत. पूर्ण वर्ग असेल तर पहिले तास फक्त बोटांची साखळी घ्या. ज्यांना आधी जमते त्यांना शेजारच्याला शिकवायला लावा, आणि सुया त्यानंतर काढा. 20 ग्रॅमचे गुंडे घरूनच करून न्या, प्रत्येकाची नाव लिहिलेली पिशवी ठेवा. मुक्या खांबाच्या तासासाठी दोन ओळी घातलेले तुकडे आधी तयार करावे लागतात. एका तुकड्याला दहा मिनिटं धरून हिशेब करा.

काम बघून कारण ओळखणं

तुकडा वर अरुंद होत गेला तर कडेचे टाके सुटत आहेत. रुंद झाला तर कडेला किंवा एकाच टाक्यात दोन खांब पडत आहेत. खालची कड आवळून वरचा भाग पसरला, तर साखळी घट्ट आहे. पृष्ठभागावर आडव्या रेघा उठल्या तर सुई व्हीच्या एकाच पदराखालून जाते आहे. वीण वाईट नाही, पण आपोआप होत असेल तर दाखवून द्या. मध्येच भोक दिसलं तर खालचा एक टाका सुटला आहे. धाग्याचे पदर सुटे दिसत असतील, तर सुई धाग्याच्या खालून न जाता त्याच्या पोटातून जाते. पिळ सैल असलेल्या लोकरीत हे फार होतं, तेव्हा लोकर बदला. टाके पायाशी तिरके, फुलीसारखे दिसले तर धागा सुईवर उलट बाजूने घेतला जातो आहे.

आणि पूर्ण तुकडा पुठ्ठ्यासारखा कडक झाला, तर मुलाला सैल विणायला सांगण्याऐवजी सुई अर्ध्या किंवा एक मिलिमीटरने मोठी द्या. फारच जाळीदार झाला तर तेवढीच लहान. तयार तुकडा नीट बसवायला गरम इस्त्री फिरवू नका, अ‍ॅक्रिलिक चपटं होऊन चमकतं आणि जास्त तापली तर वितळतं. ओला करून, हाताने ताणून, टॉवेलवर पिना लावून वाळू द्या.

पुढे आजीच्या डब्यातल्या बारीक सुईने तोरण किंवा रुमाल करायची हौस आली तर एकदम उडी मारू नका. 5 वरून 4 मिलिमीटर, मग 3, मग दोऱ्यासाठी 2, आणि प्रत्येक सुईवर तिच्या जाडीच्या धाग्याने 10 खांबांचा एक चौकोन करून मगच पुढची सुई. दरवेळी डावा हात थोडा नव्याने शिकतो, आणि प्रत्येक चौकोनाच्या पहिल्या दोन-तीन ओळी खराब येतात. त्या तशाच येऊ द्या.